पाऊण इंचाचा छज्जा

घराभोवतीची मोकळी जागा नियम केल्याशिवाय मोकळी राहत नाही, आणि नियम केला की त्या जागेचं पुढे काय करायचं हे कुणालाच कळत नाही. नगररचनेचं सगळं शास्त्र या एका सत्यावर उभं आहे. इंचसाहेबांनी या शास्त्राची एकतीस वर्षं सेवा केली. बांधकामाचे नकाशे तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं, आणि आलेल्या नकाशांपैकी अठ्ठ्याऐंशी टक्के पहिल्या फेरीत परत जात. (उरलेले बारा टक्के साहेब रजेवर असतानाचे.) त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं. बाकी सगळे इंचसाहेब म्हणत, आणि तेही ओ देत, कारण हे नाव कौतुकाने पडलं आहे अशी त्यांची समजूत होती.

निवृत्तीनंतर माणसाने निसर्गाकडे वळावं असा संकेत आहे. त्यानुसार साहेब वळले. घरासमोर दहा फुटांचा पट्टा होता, तिथे रानपाखरांसाठी बाग करायची असं ठरलं. बागेच्या आधी नियमावली तयार झाली. गल्लीतल्या बावीस घरांच्या संघाने ती टाळ्यांच्या गजरात मंजूर केली आणि सवडीने वाचायचं ठरवलं. पक्षी-निवारा उपसमिती नेमण्यात आली. अध्यक्ष, सचिव आणि एकमेव सभासद साहेबच असल्यामुळे गणपूर्तीची अडचण कधी आली नाही.

घरट्यांच्या चार पेट्या सुताराकडून करून घेतल्या. हवा खेळती राहावी म्हणून प्रत्येकीला समोरासमोर दोन खिडक्या, आगीच्या वेळी सुटकेसाठी मागचं दार, आणि छताची उंची नियमात बसेल इतकी.

"साहेब, ही पेटी राहिली नाही," सुतार म्हणाला. "हा नुसता वारा आहे."

साहेबांनी हा अभिप्राय 'अतज्ज्ञ' या सदरात नोंदवला. पाण्याचं भांडं कुंपणापासून बरोबर तीन फुटांवर ठेवलं. वाळकी पानं रोज सकाळी सातला उचलली जात, कोळिष्टकं आठवड्यातून दोनदा, आणि अळ्या दिसताक्षणी. पाखरांना घाण आवडत नाही, हे साहेबांना कुणी सांगितलं नव्हतं, पण ते त्यांना माहीत होतं.

सहा वर्षांचा गोषवारा असा. पेट्यांत उतरलेले पक्षी शून्य. पाण्यावर आलेले : कावळा, एक (समज देऊन परत पाठवला), मांजर, एक (नोंद चुकून याच रकान्यात). याखेरीज एक शेरा दर पानावर होता : 'वरच्या मजल्यावर काचेवर चोच आपटणे. रोज, सकाळी. कारण : स्वतःच्या प्रतिबिंबाचा मोह.' हा शेरा ते काचेच्या आत बसून लिहीत. वरच्या गॅलरीला सरकत्या काचा लावून त्यांनी तिथे निरीक्षण कार्यालय थाटलं होतं. टेबल, खुर्ची, पंखा आणि दुर्बीण. पाखरं न येण्याचं दृश्य तिथून फार स्पष्ट दिसे.

सातव्या वर्षी पाखरू आलं. ते शिंजीर जातीच्या चिमुकल्या पाखराची मादी होतं, अंगठ्याएवढं, पोटाशी पिवळसर. चारी पेट्या सोडून तिने पुढच्या दाराबाहेरच्या दिव्याची लोंबती वायर पसंत केली. (दिवा दुरुस्त करायला इलेक्ट्रिशियन तीन महिन्यांपासून 'निघालोच' होता.) आठ दिवसांत तिथे बटव्यासारखं घरटं लटकू लागलं. त्यात सुतळी, कागदाचे कपटे, कोळिष्टकं, अळीची विष्ठा आणि रंगीत दोरे होते. थोडक्यात, साहेबांनी बागेतून काढून टाकलेलं सगळं. घरटं बरोबर येणाऱ्याच्या नाकासमोर असल्याने घरात ये-जा मागच्या दाराने सुरू झाली.

खरा पेच निराळाच होता. नियम नऊ सांगत होता की मंजूर पेटीखेरीज इतरत्र घरटं आढळल्यास सात दिवसांत काढावं. तो साहेबांनीच लिहिला होता आणि अमलातही आणला होता. कोपऱ्यावरच्या नर्सबाईंच्या झारीत बुलबुलाने घरटं केलं, तेव्हा साहेबांनी ते काढायला लावलं होतं. (घरटं रिकामं होतं, असं साहेबांचं म्हणणं.) आता स्वतःच्या दारातलं ठेवलं तर तोंड दाखवायला जागा नाही. आणि काढावं तर साहेबांच्या पत्नीने आरसा तिरपा धरून आत पाहिलं होतं.

"दोन अंडी आहेत," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. तिची बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात गेली होती. कमी बोलायचं आणि समोरच्याला पूर्ण ऐकून घ्यायचं, ही सवय तिला तिथली.

साहेबांनी भिंतीवर नोटीस लावली. मुदत रविवारी संपत होती, आणि रविवारीच संघाची सभा त्यांच्याकडे होती. पाखराला वाचता येत नाही, याची त्यांना कल्पना होती. पण नोटीस लागू होण्यासाठी ती वाचली जाण्याची गरज नसते. सगळ्या खात्याचं काम याच तत्त्वावर चालतं.

शनिवारी दुपारी ते दोन फुटांवरून टेप धरून घरट्याची मापं घेत होते. मादी भुर्रकन उडून कुंपणावर बसली आणि ओरडू लागली. ते ऐकून समोरचा टेलर रस्ता ओलांडून आला. हा प्रसंग गल्लीत अकरा वर्षांनी घडत होता. अकरा वर्षांपूर्वी टेलरच्या दुकानावरचा पत्रा नियमापेक्षा नऊ इंच पुढे आला म्हणून साहेबांनी तो काढायला लावला होता. तेव्हापासून दुपारचं ऊन थेट मशीनवर येई, म्हणून टेलर मशीन फिरवून रस्त्याकडे पाठ करून शिवत असे. पाठ साहेबांच्या घराकडेही होई, पण तो उन्हाचा दोष होता.

टेलरने घरट्याकडे निरखून पाहिलं. "वहिनी," त्याने आत हाक मारली, "जांभळा दोरा माझाच की. आणि हा तुमच्या ब्लाउजच्या अस्तराचा तुकडा."

मग तो साहेबांकडे वळला. "साहेब, हिच्या दारावर छज्जा आहे."

खरंच होता. घरट्याच्या तोंडावर, ऊनपाऊस आत येऊ नये म्हणून, विणलेला एक छोटासा छज्जा पुढे आलेला होता.

"पाऊण इंच," साहेब सवयीने म्हणाले.

"माझा नऊ इंच होता. एकाला सोडलं तर सगळे करतील, असं म्हणाला होतात तुम्ही." टेलरच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. त्याने नोटीस वाचली. "मला तीन दिवस दिले होतेत. हिला सात दिलेत. चांगलं केलंत."

"नियम म्हणजे नियम," साहेब म्हणाले. "आणि एवढी बाग सोडून हिला नेमकी हीच जागा का सापडावी?"

"अहो, तिला जागा सापडली नाही," पत्नी दारातून म्हणाली. "तिची होती ती तुम्ही घेतलीत. वरच्या गॅलरीत, कपड्यांच्या दोरीच्या टोकाला, दर वर्षी असायचं तिचं घरटं. तेवढं टोक सोडून मी कपडे वाळत घालायचे. काचा लावल्यात आणि संपलं."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं होतं. तुम्ही पेट्यांचा नकाशा काढत होतात."

साहेब वर गेले. कपाटातून स्वतःच्या घराचा मंजूर नकाशा काढला. गॅलरी स्पष्ट होती : उघडी, कठडा तीन फूट, खाली 'बंदिस्त करू नये' असा ठळक शेरा, आणि शेऱ्याखाली तपासनीसाची सही. सही त्यांचीच होती. नोंदवही टेबलावर उघडी होती, आणि तिच्या पानापानावर 'रोज, सकाळी' लिहिलेलं होतं. म्हणजे सहा वर्षं ती येऊन विचारत होती, आणि ते आतून लिहून घेत होते. साहेबांना लाज वाटली. हातात टेप होता, पण काय मोजावं ते सुचेना.

रविवारी सभासद मागच्या दाराने आले. साहेबांनी नियम नऊ मागे घेत असल्याचं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. टाळ्या थांबल्यावर नर्सबाई उठल्या.

"मग माझ्या झारीतल्या घरट्याचं काय?"

"ते रिकामं..." साहेबांनी सुरुवात केली आणि थांबले. "रिकामं होतं की नाही, मी बघितलं नव्हतं."

इतिवृत्तात हे वाक्य साहेबांनी स्वतःच्या हाताने लिहिलं.

भिंतीवरची नोटीस निघाली आणि वरच्या काचेवर लागली, मालकाच्या नावे, मुदत तीन दिवस. चौथ्या दिवशी काचा खाली आल्या. पत्नीने गॅलरीत पुन्हा दोरी बांधली आणि एक टोक रिकामं ठेवलं. मग साहेब टेप घेऊन रस्ता ओलांडून गेले. टेलरने जुना पत्रा अकरा वर्षं मागच्या भिंतीला टेकवून जपला होता.

"मोजू नका साहेब," तो म्हणाला. "नुसतं धरा."

साहेबांनी टेप खिशात घातला आणि खिळे ठोकून होईपर्यंत पत्र्याचं एक टोक धरून उभे राहिले. पत्रा अजूनही नऊ इंच जास्त आहे. टेलरने मशीन पुन्हा रस्त्याकडे फिरवलं. महिनाभरात दोन्ही पिल्लं उडून गेली, आणि पुढच्या दाराने ये-जा पूर्ववत सुरू झाली.

ही हकीकत वाचून साहेबांना हसू नये, असं म्हणता येत नाही. प्रस्तुत लेखकही लिहिताना पोटभर हसला. (तो ज्या टेबलावर लिहितो ते टेबल मंजूर नकाशाप्रमाणे उघड्या हवेत आहे. गॅलरी बंद केल्याने खोली मोठी झाली, असं पाहुणे म्हणतात.) वाचकानेही हसून घ्यावं. मग ज्या सरकत्या काचेशी, पंख्याखाली पाय पसरून हे वाचत आहात, तिच्याकडे एकदा नजर टाकावी. सकाळी चहाच्या वेळी त्या काचेवर बाहेरून टकटक होते ना? काचेत स्वतःला बघून भुलतं बिचारं पाखरू, असं आपण मुलांना सांगतो. ते भुललेलं नाही. ते जागेची पाहणी करायला येतं, आणि आत कोण राहतंय ते बघून जातं.