काऊनवाले वकीलसाहेब

आमच्या वर्ध्याच्या घराला लागूनच किसनराव वकिलांचं घर. सडाफटिंग माणूस. त्यांना सकाळी नुसतं "नमस्कार" म्हटलं तरी विचारायचे, "काऊन?"

काऊन म्हणजे का. एवढासा शब्द, पण त्यानं भलेभले गारद व्हायचे! आमच्या हिनं एकदा वांग्याचं भरीत नेऊन दिलं. "काऊन? घरचे जेवले नाई काय?" म्हणाले, आणि वाटी चाटूनपुसून परत केली. कोर्टातही तोच खाक्या. पुण्याकडचे एक नवे जज्जसाहेब आले होते. वकील साक्षीदाराकडे पाहून सारखं "काऊन? काऊन?" करताहेत हे ऐकून त्यांना वाटलं, हे साक्षीदाराचं नावच आहे. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो काऊन, उत्तर द्या ना!" अख्खं कोर्ट हसलं. मी तर पोट धरून हसलो.

पण खरी गंमत त्यांच्या ओसरीवर. सेलूचे दोघं सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, एकमेकांच्या जिवावर उठलेले. मोठा केस टाकायला आला, तर वकीलसाहेबांनी धाकट्यालाही निरोप धाडून बोलावून घेतलं आणि मोठ्याला धरलं.

"भावावर केस काऊन?"

"त्यानं धुरा कोरला, साहेब."

"काऊन कोरला?"

"मी त्याची बैलबंडी अडवली."

"काऊन अडवली?"

मोठा घुटमळला. "त्याच्या पोरीचं लगन जुळलं, तं साक्षगंधाले त्यानं मले बोलावलं नाई," म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला. धाकट्यानं उठून त्याचे पाय धरले. वकीलसाहेबांनी दोघांना चहा पाजला आणि घरी पिटाळलं. अशानं कुणाची वकिली चालते का हो? पण गावोगावची भांडणं मिटली, हे खरं.

दर रविवारी मात्र ते मोटार स्टँडवर जाऊन तळेगावची गाडी येईपर्यंत उभे राहायचे. उतरणाऱ्यांची तोंडं निरखायचे नि परत यायचे. एकदा हिनं धीर करून विचारलंच, "भाऊजी, तळेगावले तुमचे लहाने भाऊ राह्यतात ना? तुम्ही बोलत काऊन नाई?"

वकीलसाहेब म्हणाले, "त्यानं बोलणं सोडलं, वहिनी. साऱ्या दुनियेले काऊन विचारलं. त्याले तेवढं विचाराचं राहून गेलं."

"मंग आता विचारा!"

"पोळा झाला का जातो."

पोळे आले नि गेले. ते काही गेले नाहीत. रविवारचा स्टँड तेवढा चुकला नाही.

ते वारले तेव्हा आम्ही तळेगावला निरोप धाडला. ओसरीवर ही गर्दी! सेलूचे ते दोघं भाऊही शेजारी शेजारी बसलेले. तेवढ्यात धोतराचा सोगा सावरत एक म्हातारा गर्दीतून आत आला. उशाशी बसला, आणि वकीलसाहेबांचा खांदा हलवत म्हणाला,

"दादा, एकडाव तरी तळेगावले याचं होतं ना! आला नाई... काऊन?"

अगदी तोच आवाज. तुम्ही कोण, असं त्याला कुणीच विचारलं नाही.