श्रेयाला धरलं बोअरनं

निरवांगीच्या सारजाकडं तिची नात श्रेया सुट्टीला आली, ती पहिल्या दिवसापासून दिवेलागणीला भिंतीकडं टक लावून बसायची. पुण्याची पोरगी, कितीतरी वर्षांनी आलेली. रविवारी तिची आई रेश्मा चक्कर मारणार होती आणि पोरगी रमली नसेल तर घेऊनच जाणार होती. सारजा रविवारचे दिवस मोजत होती. एकदा गेली की परत कसली येतीय!

"काय हुतंय गं बाय तुला?"

"बोअर होतंय," श्रेया भिंतीकडंच बघत म्हणाली.

"म्हंजी कंटाळा आला?"

"नाही गं आजी. कंटाळा कशाचा तरी येतो. अभ्यासाचा, कामाचा. बोअर नुसतंच होतं."

नुसतंच होतं म्हटल्यावर सारजाच्या अंगावर काटाच आला. जे नुसतंच होतं ते कशानं होतं, हे निरवांगीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तरी तिनं खात्री करून घेतली.

"मग वाटतं काय तुला?"

"काहीच वाटत नाही. भूक नाही, झोप नाही. वेळ पुढं सरकतच नाही. कधीही बघ, पाचच वाजलेले."

सारजानं घड्याळाकडं पाहिलं. पाचच वाजले होते आणि बाहेर तर अंधार पडत होता. घड्याळातला सेल संपून महिने झाले होते, पण अशा वेळी ते कुणाला आठवतंय?

ती अनवाणीच सिद्धूतात्या देवरुष्याकडं गेली. तात्यानं असलं नाव जन्मात ऐकलं नव्हतं, पण देवरुष्यानं ठाऊक नाही म्हणून कसं चालेल?

"पुण्याकडं लई हाय त्ये," तो म्हणाला. "हायवेनं येतं."

घटकाभरात तात्या आला आणि सारजाची ओसरी भरली. बोअरचं नाव मात्र कुणी तोंडातून काढेना, न जाणो आपल्यालाच धरायचं. कोपऱ्यात बाजेवर सारजाचा नवरा दत्तोबा नेहमीसारखा बसून होता. मेंढरं विकल्यापासून तो तिथंच असायचा. बोलणं इतकं कमी झालेलं, की शेजारणी त्याच्या अंगावर वाळवण घालायच्याच काय त्या राहिल्या होत्या.

तात्यानं श्रेयाच्या कपाळाला भंडारा लावला. उदाचा धूर कोंडला. बाहेर उसाचं पान हलेना. घरातलं कुत्रं दारापर्यंत आलं, आत बघितलं आणि मागच्या मागं निघून गेलं.

"कोण हायस तू?" तात्या घुमला. "कुठनं आलास?"

श्रेयानं जांभई दिली.

"बोल. कवापास्नं धरलंयस?"

"मेंढरं इकली तवापास्नं."

आवाज मागून आला होता. जाड, धूळ बसलेला. मागं वळून बघायची कुणाची छाती होईना. तात्याच्या हातातला भंडारा सांडला. एवढी वर्षं तो विचारत आला होता, पण आजवर त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"प-पण पोरगी तर परवा आलीय," तो कसाबसा म्हणाला.

"पोरीला सोडा. उठू वाटत न्हाय, खाऊ वाटत न्हाय. दिस जाता जात न्हाय."

"मग काय पायजे?"

"दोन मेंढ्या. एक गाभण बघून."

असल्याला नाही कोण म्हणणार? दुसऱ्या दिवशी सणसरहून दोन मेंढ्या आल्या आणि दत्तोबा काठी घेऊन उठला. त्याच्यामागं श्रेया.

रविवारी रेश्मा आली, तर घरात ना पोरगी ना सासरा. दिवस मावळताना दोघं आले. श्रेयाच्या केसांत कुसळं, कडेवर ओलं कोकरू.

"आई, तू जा," ती म्हणाली. "मी शाळा सुरू झाली की येते. आणि दिवाळीला परत इकडंच."

सारजाला रडूच आलं. रेश्माची गाडी गेल्यावर जेवताना तिनं धीर करून विचारलं, "अवं, त्या दिशी तुमीच बोलला न्हवं?"

"मी?" दत्तोबानं भाकरी मोडली. "मला तर डुलकी लागली हुती."

"आबा घोरत होते, आजी," श्रेया म्हणाली. "मी ऐकलं ना."

सारजा ताटावरून उठली, अजून एक ताट वाढलं आणि रिकाम्या बाजेपुढं नेऊन ठेवलं.