झालंचरावांचं बूट सेटिंग

कचेरीत त्यांना सगळे झालंचराव म्हणत. कुठलंही काम सांगा, मान वर न करता ते म्हणायचे, "झालंच!" आणि काम होतही असे, उगीच कशाला खोटं बोला, फक्त शेवटचं एक टोक लोंबकळत राहायचं. प्रिंटर दुरुस्त व्हायचा, त्याचं झाकण टेबलावर राहायचं. घरीही तीच तऱ्हा. कपाटाचं दार उघडं, तेलाची बाटली उघडी, नळ वाहतोय. ही सगळी टोकं बायको मागाहून येऊन गुपचूप खोचून ठेवायची. आता ती नव्हती. घरातली झाकणं उघडीच राहत होती आणि ती उघडी आहेत हेही त्यांना कळत नव्हतं.

निवृत्तीच्या वेळी कचेरीने भंगारात काढलेला एक सर्व्हर त्यांनी घरी आणला होता. (सोबत मिळालेलं घड्याळ रिक्षात विसरले, सर्व्हर मात्र जपून आणला.) चपलांच्या कपाटाशेजारी त्याची प्रतिष्ठापना झाली. आत चार डिस्क, आणि त्या चौघींवर देखरेख ठेवणारं एक कार्ड. कोणत्या डिस्कवरून मशीन सुरू करायचं, हे त्या कार्डाला एकदा सांगून ठेवावं लागतं. ते बूट सेटिंग झालंचरावांनी पहिल्याच दिवशी केलं होतं.

पंख्यांचा आवाज इतका, की पाहुणे विचारत, "आत मिक्सर चालू आहे का?" म्हणून बायको रात्री ते धूड बंद करायची. सकाळी हे अंघोळ करून बाहेर येत तेव्हा ते पुन्हा घुमत असायचं.

"बघ, आपोआप सुरू होतं! सेटिंग कोणी केलंय?"

"तुम्हीच की," ती म्हणायची आणि चहा गाळायला लागायची.

ती गेल्यापासून रात्री ते बंद करायला कोणी उरलं नव्हतं. झालंचरावांनीही केलं नाही. घरात तेवढाच एक आवाज शिल्लक होता.

त्या रविवारी लेक येणार होती. बायकोने नातीसाठी सांगितलेल्या गोष्टी त्या मशीनवर साठवलेल्या होत्या, आजीच्या आवाजात, आणि नात हल्ली झोपताना त्याच मागत होती. दुसरीकडे कुठे त्यांची प्रत नव्हती. ("बाबा, एक कॉपी मला पाठवाल?" असं लेकीने केव्हाच विचारलं होतं. "झालंच!" असं उत्तर मिळालं होतं.) लेक येणार तर मशीनवरची धूळ तरी झटकू, एवढंच झालंचरावांनी ठरवलं. मशीन बंद केलं, झाकण काढलं, जुन्या रंगाच्या ब्रशने पंखे साफ केले. हात कोळशासारखे झाले. हात धुवायला न्हाणीघरात गेले, तर नळाला धार करंगळीएवढी; बादली भरेपर्यंत मशीन सुरू करू म्हणून ते बाहेर आले आणि बटण दाबलं.

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली. बूट डिस्क ठरवलेली नाही.

"ठरवलेली नाही म्हणजे? मी ठरवलीय ना!" झालंचराव पडद्यावर खेकसले. पडदा ढिम्म. ब्रशने काहीतरी हललं, डिस्क गेली, बायकोचा आवाज गेला. माणूस गेलं तेव्हा निदान डॉक्टर तरी समोर होते; इथे दोष द्यायला त्यांच्याशिवाय कोणीच नव्हतं.

घाईघाईने ते कार्डाच्या सेटिंगमध्ये शिरले. बाण वर, बाण खाली. शेवटी एक ओळ सापडली: जुनी मांडणी पुसून नवी करायची का? नवी म्हणजे चांगलीच असणार, असं वाटून त्यांनी 'हो'कडे बोट नेलं.

"बाबा! हात काढा!"

लेक दारातच उभी होती. (दार उघडंच होतं, हे वेगळं सांगायला नको.) चपला न काढता ती आत धावली आणि तिने त्यांचं मनगट धरलं.

"पुसलं असतं सगळं! काय करताय हे?"

"मशीन बिघडलंय गं. रोज आपोआप सुरू व्हायचं..."

सेटिंगमधून बाहेर पडून तिने मशीन पुन्हा सुरू केलं, कीबोर्डच्या वरच्या रांगेतलं एक बटण दाबलं, यादीतली पहिली डिस्क निवडली. मशीन घुमू लागलं.

"तुला हे कसं येतं?"

"आईने दाखवलं होतं. दवाखान्यात जायच्या आधी." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "तुम्ही सेटिंग केलंत, पण सेव्ह न करता बाहेर पडलात. ती रोज सकाळी तुम्ही अंघोळीला गेलात की हे बटण दाबायची. म्हणाली, त्यांना सांगू नकोस, उगाच खट्टू होतील."

झालंचराव चपलांच्या कपाटावर बसले. इतकी वर्षं ज्या सेटिंगवर छाती फुगवली, ते सेटिंग म्हणजे बायको होती. त्यांना हसू आलं, पण ते अर्ध्यातच रडू झालं.

"सेव्ह करून देऊ?" लेकीने विचारलं.

"नको. रोज मीच दाबत जाईन."

तिने गोष्टींपैकी एक लावली. खरखर झाली, आणि मग तो आवाज खोलीत आला, अगदी जवळ, जरासा दमलेला. एक ससा होता, त्याला फार घाई असायची. ससा नदीपर्यंत पोचला आणि आवाज मध्येच थांबला. "थांब हं सोने. आजोबांनी नळ उघडा टाकलाय वाटतं. अहो! नळ!"

"आलो, आलो!" म्हणत झालंचराव उठून धावले.

नळ खरंच उघडा होता. बादली भरून पाणी उंबऱ्यापर्यंत आलं होतं. त्यांनी तो घट्ट पिळला, शर्टाच्या बाहीने डोळे पुसले आणि बाहेर येता येता त्या आवाजाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "केला गं बंद. झालंच!"

"बाबा," लेक म्हणाली, "न्हाणीघरातला दिवा राहिला."