अर्धे सुकेळे

जवळजवळ दोन महिने मी एका सज्जन माणसाशी रोज संध्याकाळी खोटे बोललो, हे आरंभीच सांगून टाकतो. त्या सज्जनांचे नाव इनासभाऊ. वसईजवळच्या होळी गावात, आमच्या इमारतीच्या कुंपणाला लागून त्यांची वाडी आहे. ते सदऱ्याच्या खिशात रुमाल ठेवत नाहीत, केळे ठेवतात.

केळे म्हणजे सुकेळे. राजेळी केळी पिकवून, सोलून, उन्हात वाळवली की मधाच्या रंगाची, चिवट आणि गोड होतात. साखरेचा कणही लागत नाही. "ऊन हाच आपला हलवाई," असे इनासभाऊ म्हणतात. अंगणातल्या मांडवावर सुकेळी पहुडलेली असतात, आणि सत्तरी ओलांडलेले इनासभाऊ काठी घेऊन कावळ्यांशी वाद घालत असतात. वाद दोन्ही बाजूंनी तावातावाने चालतो.

साखरेशी त्यांचे उभे वैर. एका लग्नात त्यांनी ताटातला गुलाबजाम चमच्याने उलटापालटा केला आणि वधूपित्याला अत्यंत आपुलकीने विचारले, "हा पोहतोय, की गेला?" सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात ते मुलांना चॉकलेटऐवजी भाजलेले रताळे देतात, एरवी प्रार्थनेला टाळाटाळ करणारी मुले त्यांना पाहताच आत जाऊन गुडघे टेकतात. कोणी नाक मुरडलेच, तर त्यांचे एकच उत्तर असते: "आधी चावा, मग बोला."

गेल्या दिवाळीनंतर माझ्या रक्तातली साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी मिठाई बंद केली. सुनीताने, म्हणजे माझ्या पत्नीने, ही वार्ता कुंपणावरून इनासभाऊंना सांगितली आणि त्याच क्षणी मी त्यांच्या ताब्यात गेलो.

"सावंत, काळजी सोडा," ते म्हणाले. "गोड सोडायचं नाही. गोडाची सवय बदलायची."

तेव्हापासून रोज संध्याकाळी, चहाच्या वेळेला, कुंपणावरून त्यांचा हात पुढे येऊ लागला. तळहातावर केळीच्या सुक्या पानात गुंडाळलेले अर्धे सुकेळे. नेहमी अर्धेच, तिरके कापलेले.

"अर्धंच का?" मी पहिल्या दिवशी विचारले.

"हेही गोडच आहे, सावंत. औषध नव्हे. जास्त नको." एवढे बोलून ते उगाच कावळा हाकलायला वळले. कावळा नव्हता.

"चहाबरोबर खातो," असे म्हणून मी ते खिशात टाकत असे. मग चहा झाला की फिरायला जातो सांगून घराबाहेर पडे, स्कूटरच्या डिकीतल्या स्टीलच्या डब्यात ते ठेवी आणि वसईच्या बाजारात जाऊन गरम जिलेबी खाई. मला ते चामट, वाळके फळ बघवत नसे. पण फेकून देण्याचेही धैर्य होत नसे. माझ्या भित्रेपणाने डबा भरत गेला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा असे. "कालचं कसं होतं?"

"कालच्यात मधाची झाक होती," मी गंभीरपणे म्हणे.

"बरोब्बर! परवा ऊनच तसं कडक होतं!" इनासभाऊंचा चेहरा उजळे. माझे प्रत्येक खोटे ते असे हवामानाने सिद्ध करीत.

एकदा मात्र ते कुंपणाला रेलून हळूच म्हणाले, "यंदा राजेळी काढून टाकणार होतो. कोण खातं आता? त्या जागी पालक लावला असता, रोख गिऱ्हाईक. पण तुम्ही खाताय ना, मग राहू दे म्हटलं." त्या संध्याकाळी जिलेबी घशाखाली उतरेना. तरी मी ती संपवली, हेही सांगायला हवे.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सुनीता तीळ आणायला स्कूटर घेऊन गेली. परतली ती डबा हातात घेऊनच.

"अहो, हे काय? हळदीकुंकवासाठी साठवत होतात? आणि मला पत्ता नाही!"

खरे बोलण्याची ती उत्तम संधी होती. मी मान डोलावली.

"माझ्या डोक्यात कसं आलं नाही! इमारतीतल्या निम्म्या बायकांना साखर आहे. गुळाचा लाडू देऊ तरी कसा?" तिने सुकेळी बारीक चिरली, भाजलेले तीळ, दाण्याचे कूट, सुके खोबरे आणि वेलदोडा घालून मळली, आणि सुपारीएवढे लाडू वळले. घरभर असा वास सुटला की मी स्वयंपाकघरात दोनदा उगाच पाणी प्यायलो.

हळदीकुंकवाला पहिला लाडू पाटीलकाकूंनी उचलला. या काकू दुसऱ्याच्या घरचे पाणीही जरा अळणी आहे म्हणतात. त्यांनी चावले. थांबल्या. पुन्हा चावले.

"सुनीता, गूळ कुठला गं हा?"

"गूळ नाहीच, काकू."

"मग साखर?"

"तीही नाही."

"मग घातलंस तरी काय, बाई?"

त्याच वेळी इनासभाऊ वाडीतली शेवंती द्यायला दारात आले होते. सुनीताने त्यांच्याकडे बोट दाखवले. "यांच्या वाडीतलं ऊन! आणि आमच्या ह्यांनी ते रोज थोडं थोडं साठवलं!"

क्षणात बायकांनी त्यांना घेरले. पाटीलकाकूंनी लेकीच्या डोहाळजेवणासाठी लाडवांची सुकेळी तिथेच सांगून टाकली. मग कोणी माहेरी पाठवायला, कोणी मुलांच्या डब्याला. इनासभाऊ शेवंती छातीशी धरून, विजयी सेनापतीसारखे उंबऱ्यात उभे होते. "मी म्हणत होतो ना? आधी चावा, मग बोला!" आणि मग माझ्याकडे वळून, साऱ्यांसमक्ष: "पण खरा मान या सावंतांचा. माणसाने स्वतःच्या तोंडचं काढून तुमच्यासाठी ठेवलं!"

टाळ्या वाजल्या. मला जमीन हवी होती, दुभंगणारी.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेला हात कुंपणावरून आलाच. इनासभाऊंचा आवाज आज निराळा होता.

"राजेळी राहिली, सावंत. आणखी लावणार आता." मग काठी कुंपणाला टेकवून: "तुम्हांला एक सांगायचं होतं. अर्धं देतो ते साखरेमुळे नाही. मार्था होती तेव्हा आम्ही नवरा-बायको या वेळेला एक सुकेळं कापून खायचो. ती गेल्यावर अख्खं खाववेना, आणि न कापता राहवेना. तुम्ही अर्धं घ्यायला लागलात, तेव्हापासून माझं अर्धं घशाखाली उतरतं."

मी पान सोडवले. तिरका काप पाहिला. त्यांच्या डोळ्यांदेखत ते सुकेळे तोंडात टाकले आणि सावकाश, शेवटपर्यंत चावले. मधाची झाक खरोखरच होती.

"इनासभाऊ, आजवर मी यातलं एकही खाल्लं नव्हतं. सगळी डिकीत लपवली आणि बाजारात जाऊन जिलेबी खाल्ली. तुमच्याशी रोज खोटं बोललो. मला माफ करा."