ढोल वाजला की डबा बंद

मल्हारीच्या वर्षश्राद्धाला कावळा पहिल्या हाकेला आला, पानावरचा वडा उचलला आणि शेजारच्या पत्र्यावर जाऊन निवांत खात बसला. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, मग नातलगांना हात जोडून एकेक वचन देत बसावं लागतं. ती पाळी आली नाही म्हणून पिशोरहून आलेल्या तीस-चाळीस माणसांना बरं वाटलं. पण कावळ्यानं सोडलं ते कॉम्प्युटरच्या डब्यानं धरलं.

हा डबा सोनाजीच्या खटपटीतून आलेला. सोनाजी म्हणजे मल्हारीचा एकुलता एक मुलगा, चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळणारा. बाप गेल्यावर त्यानं आईला, सारजाबाईला, पिशोरहून उचलून पडेगावच्या आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं होतं. मेंढरं चुलत्याकडे राहिली. सारजाबाई वर्षभर उंबऱ्यात बसून दौलताबाद रोडवरचे ट्रक बघत होती आणि दर आठ दिवसांनी म्हणत होती, "सोन्या, मला गावाला सोड." सोनाजी दर आठ दिवसांनी म्हणत होता, "तिथं कोण हाय तुला बघायला?" शेवटी या बोलण्याचं मूळच उपटावं म्हणून त्यानं मेंढरं विकायचं ठरवलं. घेणारा सोमवारी पिशोरला येणार होता. आईला हे कळलं तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही.

मनाला टोचणी लागली की माणूस खर्चाचं किंवा आवाजाचं काहीतरी काढतो. सोनाजीनं आवाजाचं काढलं. मल्हारी धनगरी ओव्यांचा नामी गाणारा, ढोलही स्वतःच वाजवायचा. त्याची एक कॅसेट घरात होती. वर्षश्राद्धाला ती अशी लावायची की सगळ्या पडेगावानं ऐकली पाहिजे.

पण गुलमंडीवरचा लाऊडस्पीकरवाला दुकान बंद करून गावाला गेलेला. विद्यापीठाच्या नामांतराचा दिवस, शहरात चौकाचौकांत बंदोबस्त. मग मेव्हणा बद्रीनाथ कामी आला. त्याच्या जीपमध्ये कॅसेट घालायचा अँप्लिफायर होता आणि दोन दांडगे स्पीकर होते. फक्त जीपची बॅटरी चार्जिंगला दिलेली, आणि तेही दुकान बंद. घरातल्या विजेवर गाडीचा अँप्लिफायर चालेना. तेव्हा कारखान्यातला इलेक्ट्रिशियन मोतीराम भंगारात निघालेल्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय, म्हणजे घरच्या विजेची बॅटरीसारखी वीज करणारा डबा, घेऊन सकाळीच आला आणि त्यानं वायरी जोडून दिल्या.

"सोनाजीभाऊ, पिवळ्या वायरीवर तुमचा अँप्लिफायर. लाल वायरीवर हा गाडीचा बल्ब जळता राहू द्या. लाल वायरीला काम नसलं तर डबा उठतच नाही. अन् आवाज निम्म्याच्या वर नेऊ नका. ओढ वाढली की डबा मान टाकतो."

"मोतीराम, तू थांब की इथंच."

"आज? सोळा वर्षांनी नाव लागायलंय. बायका-पोरं घेऊन विद्यापीठाच्या गेटावर चाललोय. तुमच्या बापाचं तुम्ही करा, आमच्या बापाचं आम्ही करतो." असं म्हणून तो सायकलवर टांग टाकून गेला.

वायरी आखूड होत्या म्हणून बल्ब नेमका मल्हारीच्या फोटोपुढे आला. तो मंद, तांबूस जळत होता. बायकांनी त्याला हळदकुंकू वाहिलं. सोनाजीनं "अहो, तो बल्ब हाय" असं म्हणेपर्यंत आत्या दगडाबाईनं त्याला नमस्कारही केला. इथंच घोटाळ्याचा पाया घातला गेला, पण त्याला ते कळलं नाही.

जेवणं झाली. सोनाजीनं कॅसेट लावली आणि मोतीरामचं ऐकायचं सोडून आवाज पार वर नेला. मल्हारीचा मोकळा गळा पडेगावभर उठला. सारजाबाईनं पदर तोंडाला लावला. पहिली ओवी संपली, मल्हारीनं ढोलावर थाप मारली आणि आवाज बंद. दिवा विझला.

"गेला," दगडाबाई पुटपुटली. "पुन्यांदा गेला माझा भाऊ."

सोनाजीनं बटण बंद करून परत चालू केलं. दिवा लागला, ओवी सुरू झाली, थाप पडली, दिवा विझला.

चुलता त्रिंबक उठून उभा राहिला. सगळ्यांत वडील तोच. "कावळा फसला," तो म्हणाला. "दादाचं मन कशात तरी अडकलंय."

"काका, तसं नाय. ढोलाला करंट जास्त लागतो. डब्याला झेपत नाय."

"अन् ढोल कोण वाजवतंय?"

"बाच वाजवतोय, पण..."

"मग झालं तर." त्रिंबकनं दिव्यापुढे हात जोडले. "दादा, साताऱ्याच्या खंडोबाची तुझी तळी राहिलीय. येत्या रविवारी भरतो."

सोनाजीनं कपाळावर हात मारून बटण दाबलं. या वेळी योगायोगानं दोन ओव्या ढोलाशिवायच्या निघाल्या. तळी मान्य झाली असं सगळ्यांना वाटलं. तिसऱ्या ओवीला थाप पडली.

"अजून हाय काहीतरी," दगडाबाई म्हणाली आणि तिची नजर बद्रीनाथवर गेली. "ह्याची दारू. मल्हारी जिता असताना लई बोलायचा ह्याला."

"अहो आत्या, माझ्या दारूचा अन् मल्हारीमामांचा काय संबंध?"

"तुझाच बाजा हाय, तुझ्यावरच अडलाय. सोड म्हन!"

चाळीस डोकी बद्रीनाथकडे वळली. स्वतःच्याच अँप्लिफायरनं आपल्याला असं घेरावं याचं त्याला रडू आलं. "सोडली," तो कसाबसा म्हणाला. डबा चालू झाला. बद्रीनाथच्या त्यागावर अर्धी ओवी निघाली आणि पुन्हा दिवा गेला.

मग सगळ्यांना एकदमच एक गोष्ट आठवली. त्रिंबकनं ती बोलून दाखवली.

"सोनाजी, मेंढरं."

"काका, हे विजेचं हाय. मी तुम्हाला उघडून दाखवतो."

"दाखव. पण आधी बाला सांग मेंढरं विकणार नाय म्हणून."

सोनाजीनं आईकडे पाहिलं. ती विझलेल्या बल्बकडे बघत बसली होती. वर्षभरात ती इतकी लहान कधी झाली हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला वाटलं, विजेचं असो नाहीतर कशाचं असो, बापाचा आवाज आपण आईपुढे अर्ध्यात तोडत बसलोय.

"बा, मेंढरं विकत नाय," तो म्हणाला. "अन् मायला गावाला सोडतो."

त्यानं डोळे पुसत बटण दाबलं. ओवी उठली. थाप पडली. दिवा जरासा मिणमिणला, पण विझला नाही. दुसरी थाप पडली, तिसरी पडली आणि सगळं घर रडायला लागलं. सोनाजीच्या अंगावर काटा आला. मग त्याची नजर अँप्लिफायरवर गेली. आणखी एखादं वचन आपल्या गळ्यात पडेल या धास्तीनं बद्रीनाथनं आवाजाचं बटण हळूच निम्म्याच्या खाली आणलं होतं आणि तो छताकडे बघत उभा होता.

सोनाजी तोंड उघडणार होता. पण मल्हारी गात होता आणि त्रिंबक डोळे मिटून त्याच्यामागे शेवटचा शब्द ओढत होता. सोनाजीनं कॅसेट संपू दिली.

दुपार कलली. पिशोरच्या मंडळींचा टेम्पो दारात लागला तेव्हा सारजाबाईचं गाठोडं तयार होतं. सोनाजी तिच्याजवळ जाऊन बसला. लबाडीवर मान्य झालेलं वचन त्याला पचत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मोडायलाही एक फट हवी होती.

"माय, एक सांगू? तो डबा बद्रीनाथनं आवाज कमी केला म्हणून चालला. बानं काही मागितलं नव्हतं."

"दिसलं मला," सारजाबाई गाठ आवळत म्हणाली. "तो काय मागणार? जित्तेपणी त्यानं पाणीसुदीक मागून पिलं नाय. वरीसभर मीच मागत व्हते, सोन्या. पण मी जित्ती हाय, म्हणून तुला ऐकू आलं नाय."