झालाच की झालीच?

खरातकाका मोर्चात कधीच घोषणा देत नाहीत. ते फक्त उत्तर देतात. "घोषणा कुणीपण देईल रे, बीए. उत्तराला मराठी यायला लागतं."

बीए म्हणजे मी. आमच्या घरातला पहिला, तोही मराठी घेऊन. काका सातवी पास. पण शाळेत शिपाई होते. अख्खी नोकरी वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून त्यांनी व्याकरण ऐकलं. ते माझ्यापेक्षा पक्कं आहे, हे मी लिहून देतो.

घाटकोपरात पाण्याचा मोर्चा असो की पुलाचा, काका हजर. "पाणी" म्हटलं की "मिळालंच पाहिजे", "पूल" म्हटलं की "झालाच पाहिजे". कुणी चुकलं की बरगडीत कोपर. "लिंग बघ आधी! लिंग चुकलं की मागणी चुकली."

गेल्या सोमवारी वस्तीतला बंद पडलेला दवाखाना उघडावा म्हणून आम्ही निघालो. माइकवर नर्सिंग शिकणारी प्रज्ञा. फलकांवर 'दवाखाना', आणि ही ओरडली, "बंद डिस्पेन्सरी!" निम्मे म्हणाले "सुरू झालाच पाहिजे", निम्मे "झालीच". काकांनी हात वर करून अख्खा मोर्चा थांबवला.

"प्रज्ञा, बाळा, दवाखाना म्हण, नाहीतर डिस्पेन्सरी म्हण. एक काय ते ठरव."

हवालदार घड्याळ बघत म्हणाला, "काका, पटकन ठरवा ना. परवानगी बारापर्यंतच आहे."

दवाखाना ठरला. वॉर्ड ऑफिसातले साहेब खाली आले, निवेदन घेतलं, "बघतो" म्हणाले. लोक पांगले. काका मात्र उन्हात उभे राहून एकेकाला विचारत होते, "पुढचा मोर्चा कधी?"

मी त्यांना घरी सोडायला गेलो. काकूंना जाऊन वर्ष होत आलंय. त्या अकोल्याकडच्या, "चहा झाली" म्हणायच्या. काका जन्मभर ओरडले, "झाला! चहा पुल्लिंगी!" आमची भिंत एकच, रोज ऐकू यायचं.

कुलूप काढून काका खुर्चीत बसले. "इथे कुणाची घोषणाच नाही रे," म्हणाले. "उत्तर कुणाला देऊ?"

मी ओट्याकडे गेलो, गॅस पेटवला आणि मोर्चातल्यासारखा ओरडलो, "चहा!"

पातेल्यात पाणी ओतलं. मग मागून बारीक आवाज आला,

"मिळालीच पाहिजे."

चूक माझ्या लक्षात आली. मराठीचा बीए आहे मी. पण मी आपला साखरेचा डबा शोधत राहिलो.