बरणीतला अंतराळवीर

बरणी डोक्यावर चढवण्याआधी गोकुळदासने भाच्याला एकच प्रश्न विचारला होता, "ही मागीर भायर येतली मरे?"

"येतली मामा. आत जाते ती बाहेर येतेच," सिद्धेश म्हणाला होता. इंजिनियर झालेल्या माणसाने इतकं ठाम बोलू नये, पण घाई होती.

सिद्धेश व्हिडिओ गेम बनवायचा. तिघांची छोटी कंपनी होती आणि तिची मालकीण विनिता पणजीला बसायची. खेळणारा स्वतःच गोष्टीतलं एक पात्र होतो, गावोगाव हिंडतो, भेटेल त्याच्याशी बोलतो, लढतो, हळूहळू तयार होतो, अशा धर्तीचा गेम त्यांना करायचा होता. असल्या गेममध्ये जिकडेतिकडे राजे, तलवारी, मांत्रिक आणि राक्षस असतात. सिद्धेशला मात्र मंगळ हवा होता. गेली दोन वर्षं तो मंगळाशिवाय दुसरं बोलत नव्हता.

"अरे, तलवार हातात दिली की लहान पोरालाही कळतं, ही मारायची," विनिता फोनवर म्हणाली होती. "तुझं ते किरणयंत्र दिलं तर पहिला प्रश्न येणार, याचं चार्जिंग किती टिकतं? किल्ले, झाडं, घोडे सगळं तयार विकत मिळतं. तुझ्या यानातला नळसुद्धा आपल्यालाच बनवावा लागणार. आणि जादूला कोणी कारण विचारत नाही. मंत्र म्हटला, दार उघडलं, विषय संपला. तुझ्या दाराला हवेचा दाब लागतो. तो किती, हे सांगितलं की लोक भांडायला येतात."

"म्हणूनच तर असे गेम कमी आहेत! म्हणून आपण करूया."

"म्हणूनच कमी आहेत, म्हणून आपण नको करूया." मग तिचा आवाज थोडा नरमला. "असं कर, उद्या रात्रीपर्यंत मला छोटीशी फिल्म पाठव. ती बघून मला मंगळावर जावंसं वाटलं तर जाऊ. नाहीतर परवापासून तू राजवाड्याच्या पायऱ्या काढायला बस."

मंगळ शोधायला सिद्धेशला लांब जावं लागलं नाही. सुर्ल्यात त्याच्या घरामागेच खाणीच्या टाकाऊ मातीचा जुना ढिगारा होता, लालभडक, वर गवताचं पातंही नाही. अंतराळवीरही घरातच होता. गोकुळदासमामाने सारी उमर खनिजाचे टिपर चालवण्यात घालवली होती. धिप्पाड शरीर, जड चाल. सावकाश पाऊल टाकलं की वाटावं, गुरुत्वाकर्षण कुठेतरी बिघडलंय. आनंदीमामीने गाडीवर घालायच्या चंदेरी कव्हराचा अंगरखा शिवून दिला. पाठीवर वॉशिंग मशीनचा पाइप आला. हेल्मेट म्हणून गाड्यावरून चकल्यांची मोठी पारदर्शक बरणी मिळाली. सिद्धेशने तिला मागून हवेसाठी भोकं पाडली आणि मामाच्या डोक्यावर दाबून बसवली. तोंड जरा अरुंद होतं, पण कान मागे दुमडून डोकं आत गेलं.

"चल मामा, आता सावकाश. तू मंगळावर पहिलं पाऊल टाकतोयस."

गोकुळदासने पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसरं थेट करवंदीच्या जाळीत टाकलं.

"अरे, किती धुकं पडलां!" बरणीतून घुमत आवाज आला.

"धुकं आत पडलंय मामा. तोंडाने श्वास घेऊ नको!"

जाळीतून मामाला ओढून काढलं, तेव्हा त्याने सरळ जाहीर केलं की मंगळ पुरे झाला, बरणी काढ. सिद्धेशने बरणी धरून वर ओढली. बरणीबरोबर मामाही टाचांवर उचलला गेला. आत शिरताना मागे दुमडलेले कान आता पुढे दुमडायला तयार नव्हते.

घरी आल्यावर आनंदीमामीने नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि खोबरेल तेल आणलं. ते तिने मानेवरून, बरणीच्या काठावरून सढळ हाताने ओतलं. आता बरणी एवढी बुळबुळीत झाली की कोणालाच ती धरता येईना. तेल काढायला मामीने साबण लावला. त्याचा फेस आत गेला. मामाने डोळे मिटून जे काही म्हटलं, ते बरणी बंद असल्यामुळे कोणाला नीट ऐकू आलं नाही, हे बरंच झालं. शेजारचा मेकॅनिक मदतीच्या भावनेने करवत घेऊन आला, ती बघून मामा पडवीभर पळाला.

"दवाखान्यात ने त्याका," मामी म्हणाली. "आणि परत येताना बरणी हाड. मला लोणच्याला होईल."

मामाला स्कूटरवर मागे बसवून सिद्धेश निघाला. चंदेरी अंगरखा वाऱ्याने फुगला होता. वाटेतल्या नाक्यावर ट्रॅफिक पोलिसाने शिट्टी मारली. सिद्धेशने स्कूटर थांबवली. पोलिसाने मागच्या माणसाला समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं, मग बरणीवर बोटाने टकटक केलं.

"ह्या हेल्मेटाचेर आयएसआय मार्क खंय?"

"साहेब, ते हेल्मेट नाही, बरणी आहे."

"मगे हेल्मेट कित्याक घालूंक ना?"

"बरणी निघत नाही म्हणून."

पोलीस विचारात पडला. कायद्यात यासाठी काही असावं असं त्याला वाटत होतं, पण आठवत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, "भितर वारें येता?" मामाने मान हलवली, म्हणजे सगळी बरणी हलवली. पोलिसाने वाट सोडली आणि जाता जाता मोबाइलवर एक फोटो काढून घेतला.

दवाखान्यात बाकावर सात-आठ माणसं होती. मधोमध एक राजा बसला होता. खराखुरा दशावतारी राजा: तोंडाला गुलाबी रंग, जाड भुवया, भरजरी अंगरखा, डोक्यावर चमचमता मुकुट, कमरेला तलवार. जवळच्या पाळी गावच्या जत्रेला सिंधुदुर्गातली नाटक मंडळी आली होती. त्यांच्यातल्या या राजाने, बाबलीने, रंग लावून झाल्यावर भूक लागली म्हणून गाड्यावर तिखट रश्श्यात बुडवलेलं रस ऑम्लेट खाल्लं आणि पोटात कळा सुरू झाल्या. पडदा वर जायला अवकाश होता, पण एवढा चढवलेला रंग पुसायची सोय नव्हती, म्हणून तो तसाच आला होता. त्याच्या शेजारची म्हातारी त्याच्या खांद्यावर रेलून डुलक्या काढत होती. राजाकडे कोणी वळूनही बघत नव्हतं.

गोकुळदास आत शिरला मात्र, सगळा बाक उठून उभा राहिला.

"हें कितें?"

"अंतराळवीर," सिद्धेश म्हणाला. लपवण्यात अर्थ नव्हता.

"मगे पाठीक वॉशिंग मशीनाची नळी कशाक?"

"तो ऑक्सिजनचा पाइप आहे. म्हणजे, गेममध्ये."

"ऑक्सिजन येवपाक पाइप इतको रुंद लागना," एकजण म्हणाला. त्याच्या चुलत्याला कधीतरी ऑक्सिजन लावला होता, त्यामुळे तो अधिकाराने बोलत होता. "आणि टाकी खंय?"

"त्या कपड्यात लघवीक कसां जातत?" डुलकीतून जागी झालेल्या म्हातारीने विचारलं.

"मंगळार नेटवर्क येता?"

"आणि तिकडे वरण-भात कसो शिजता? हवाच ना जाल्यार?"

सिद्धेश आधी उत्साहाने उत्तरं देत होता, मग नुसतीच देत होता, मग त्याला घाम फुटला. एकाला उत्तर दिलं की त्यातून दोन प्रश्न निघत होते. मधे सत्यवती नर्सने राजाला हाक मारली, तेव्हा तो तलवार सावरत आत गेला, गोळ्या घेऊन बाहेर आला, गोळीबरोबर पाणी प्यायला. कोणी त्याला विचारलं नाही की महाराज, तुमचं राज्य कुठलं, ही तलवार खरी की खोटी. विनिताचं म्हणणं इतक्या स्पष्टपणे सिद्धेशला यापूर्वी कधी दिसलं नव्हतं. राजाला बसायला जागा मिळते. अंतराळवीराला आधी हिशेब द्यावा लागतो.

गोकुळदासची पाळी आली. डॉक्टर गौरवी तरुण होती. तिने हसू दाबण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला, मग दोन जुन्या एक्स-रेच्या फिल्म मागवल्या. एकेक फिल्म तिने काठाखालून आत सरकवून कानावरून चपटी बसवली, जोडा घालताना टाचेला चमचा लावतात तशी, आणि बरणी वर ओढली. फट् असा आवाज झाला. बरणी सत्यवतीच्या हातात आली आणि आतून लालबुंद, तेलकट, साबणाने माखलेला मामा जगात परत आला.

"कान बरे आहेत," डॉक्टर म्हणाली. "पुन्हा घालू नका."

"ह्या जन्मात न्हय," मामा म्हणाला. एवढं बोलून तो थेट बाहेर चहाच्या गाड्याकडे गेला.

व्हरांड्यात बरणी काखेत धरून सिद्धेशने विनिताला फोन लावला. 

"तू म्हणत होतीस तेच खरं. नको मंगळ. मी उद्यापासून पायऱ्या काढतो."

"अरे, झालं काय? फिल्म?"

"फिल्म नाही. काम करायला माणूसच नाही राहिला. आणि सात-आठ लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देताना माझी ही अवस्था झाली, हजारो लोक खेळायला लागले तर काय करू?"

फोन ठेवून तो वळला, तर मागे राजा उभा होता. पोट बरं झालं असावं, कारण तो ताठ उभा होता.

"तो कपडो आता कोण घालतलो?" बाबलीने विचारलं.

"कोणी नाही. का?"

"मी घालतंय."

"तुम्ही? अहो, मी राजाचाच गेम करणार आहे आता. तुम्ही राजा म्हणूनच या ना. तुमचा पोशाख तयार आहे, रंग तयार आहे..."

"नको रे बाबा!" बाबलीने मुकुट काढून डोकं खाजवलं. "वीस वर्सां राजा करतंय मी. आज हय एवढी माणसां होती. एकान तरी माझ्याकडे बघल्यान? ती म्हातारी माझ्या खांद्यार निजली! आणि तुझो मामा इलो, तोंड दिसत नाय, बोलणां कळत नाय, तरी सगळी उठली. लघवीचा सुद्धा इचारल्यानी त्येका." राजाचा आवाज हळवा झाला. "माका कोणी कायव इचारणत नाय. सगळ्यांका सगळां म्हायतच असता."

सिद्धेशने काखेतली बरणी त्याच्यापुढे धरली. "उद्या सकाळी सुर्ल्याला या. फिल्म रात्रीपर्यंत द्यायची आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबली सुर्ल्याला हजर झाला. सिद्धेशने बरणीचं तोंड कापून चांगलं रुंद केलं होतं. अंगरखा थोडा आखूड पडला, पण बाबली त्या लाल ढिगाऱ्यावर असा चढला की जणू मंगळ त्याला वडिलांकडून मिळाला आहे. सिद्धेशने कॅमेरा सुरू केला. बाबलीने पहिलं पाऊल टाकलं. तेवढ्यात रस्त्यावरून जाणारी बस थांबली.

"हें कितें चल्लां?" कंडक्टरने खिडकीतून विचारलं.

बाबली वळला. सिद्धेशने हातवारे करून त्याला पुढे चालायला सांगितलं, पण उशीर झाला होता. दशावतारी नटाला कोणी लिहून दिलेली वाक्यं लागत नाहीत. समोर माणूस लागतो.

"मी कोण?" बाबलीने बरणीतून घुमणारा आवाज लावला. "ऐका! तांबड्या मुलखाचो मी पयलो रहिवासी! पृथ्वी सोडली त्या दिवशी आवशीन पदरात तोंड लपवलान, आणि मी मागे वळान बघूक नाय!"

"पाणी खंयसून हाडटा?" बसमधून एकीने विचारलं.

"जमिनीखाली बर्फ आसा. तो फोडतंय, उन्हात ठेवतंय, आणि पयलो घोट पृथ्वीच्या नावान सोडतंय!"

"एकट्याक भंय वाटना?"

बाबलीने आवाज खाली आणला.

"वाटता," तो म्हणाला. "रातीक वर बघलंय की एक निळो ठिपको दिसता. तेतूर तुमी सगळी आसात. मगे निजतंय."

बसमधली माणसं उतरून ढिगाऱ्याच्या पायथ्याशी आली. मागे दोन गाड्या थांबल्या. प्रश्न येत राहिले, बाबली उत्तरं देत राहिला, ड्रायव्हरनेसुद्धा यानाचा क्लच कसा असतो ते विचारून घेतलं. सिद्धेशने ठरवलेलं एकही दृश्य निघालं नाही. ऊन वर आलं, बॅटरी संपत आली, तरी त्याने कॅमेरा बंद केला नाही. जे निघालं ते त्याने तसंच विनिताला पाठवून दिलं आणि मोबाइल उताणा ठेवून त्याच्याकडे बघत बसला.

बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"हा माणूस कोण आहे?" विनिताने विचारलं. ती रागावली आहे की काय, ते आवाजावरून कळत नव्हतं.

"बाबली. राजा होता. आता मंगळावर असतो."

"गेममध्ये मला याला भेटता येईल? काही विचारता येईल?"

सिद्धेशने खिडकीतून बाहेर पाहिलं. अंगणात आनंदीमामी तांदूळ निवडायची थांबली होती आणि अंगरखा न उतरवलेला बाबली तिला मंगळावर सोलकढी कशी करतात ते सांगत होता.

"विचारता येईल," तो म्हणाला. "थांबवता येणार नाही."